खिशातला कॉम्प्युटर आणि पावसाळ्याची बेगमी

मालवणजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लग्नानंतर त्या गावीच स्थिरावल्या. घराला लागून चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे, ते त्या नवरा आणि सासूबाईंसोबत चालवतात. शिवाय कोल्हापूरच्या एका कंत्राटदाराला घरबसल्या ऑटोकॅडवर नकाशे काढून देतात. पावसाळ्यात पर्यटक नसतात, तेव्हा विजेचं बिल आणि मुलीची फी या नकाशांच्या पैशांतून भरली जाते.

कॉम्प्युटरच्या हार्डवेअरचं त्यांना शाळेपासून वेड. पाहुण्यांची जेवणं आटोपली की रात्री त्या नव्या चिपांची आणि छोट्या यंत्रांची माहिती वाचत बसतात. सध्या त्यांच्या मनात एक ८.८ इंची, घडी होणारा, कीबोर्ड असलेला, पाऊण किलोच्या आसपासचा चिनी कॉम्प्युटर भरला आहे. भारतात तो अधिकृतपणे मिळत नाही. दुबईतला मावसभाऊ गणपतीला येताना आणू शकतो. पैसे साठवलेले आहेत. नवऱ्याने मात्र एका वाक्यात विषय संपवला : "घरात एक असताना दुसरो कित्याक?" ताईंनी बुकिंगसाठी हवा असल्याचं सांगून पाहिलं, ते पटलं नाही. त्या विचारतात, "घरच्यांना कसं पटवू? आत्ता घेऊ की पुढची चिप येईपर्यंत थांबू? आणि खरं सांगायचं तर, संसारात असलेल्या बाईने असल्या छंदावर एवढा पैसा घालवणं चुकीचं आहे का?"

---

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत. छंद चुकीचा नाही. चुकलं असेल तर त्याला बुकिंगचं नाव देणं.

चार खोल्यांची बुकिंगं, पाहुण्यांचे फोन, खोल्यांचे फोटो पाठवणं, पैसे आले का ते बघणं, हे सगळं तुम्ही फोनवर करता. पत्रात तुम्हीच तसं लिहिलं आहे. यजमानांनाही ते दिसतं. त्यामुळे "बुकिंगसाठी हवा" हे ऐकल्यावर त्यांच्यापुढे एकच हिशेब उरला : बुकिंगला एक यंत्र पुरतं, मग दुसरं कशाला. त्यांनी तुमच्या आवडीला नकार दिलेला नाही. ती आवड त्यांच्यासमोर आलीच कुठे? तुम्ही त्यांना एक कारण दिलं आणि त्यांनी त्या कारणाला उत्तर दिलं.

आणि समजा, त्या कारणावर ते राजी झाले असते तर पुढे काय? प्रत्येक वेळी तो कॉम्प्युटर हातात घेताना तुम्हाला काहीतरी काम करत असल्यासारखं दाखवावं लागलं असतं. रात्री दहा वाजता पडवीत बसून त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) नवी टाकून बघायची, यंत्र सुरू होताना ओळी सरकतात त्या वाचत बसायचं, हा तुमचा खरा आनंद. तो चोरून घ्यावा लागला असता.

पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. यजमानांनी गेल्या वर्षी भजनासाठी नवा पखवाज घेतला. त्याचा धंद्याला काय उपयोग, असं घरात कोणी विचारलं नाही आणि विचारायलाही नको होतं. गावात भजन आहे, भजनाची बारी म्हणजे सामना आहे, ऐकणारे आहेत, म्हणून पखवाजाला कारण लागत नाही. तुमच्या आवडीला गावात दुसरा माणूस नाही, म्हणून तिला कारण शोधावं लागतं. मला हा प्रश्न पैशापेक्षा जास्त या एकटेपणाचा वाटतो.

ही ओढ तुमच्या एकटीची मात्र नाही. तोशिबाने १९९६ मध्ये लिब्रेटो नावाचा पुस्तकाएवढा कॉम्प्युटर काढला, त्याचं वजन किलोभरही नव्हतं आणि त्यावर पूर्ण विंडोज चालायचं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' या नावाखाली हातात धरायच्या पीसीची कल्पना मांडली. २००७ मध्ये असूसचा सात इंची ई-पीसी आला आणि छोटे स्वस्त लॅपटॉप घरोघर गेले. २००९ मध्ये सोनीचा लांबट, कोटाच्या खिशाकडे बघून केलेला वायो पी आला. यातले बरेचसे संथ होते, महाग होते, पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी होती. दर वेळी वाटायचं की आता हा प्रकार संपला. मग २०१६-१७ मध्ये जीपीडी या शेन्झेनच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणीतून आधी विन आणि मग पॉकेट ही यंत्रं काढली, आणि २०२२ मध्ये व्हॉल्वच्या स्टीम डेकने हातातला पीसी पुन्हा मोठ्या बाजारात आणला. जवळजवळ ३० वर्षं ही जात टिकून आहे ती अशा यंत्रांवर जीव असलेल्या लोकांमुळे. तुम्ही त्यांच्यातल्या एक आहात, एवढंच.

आता पैशाकडे येऊ, कारण यजमानांच्या वाक्यात मला पैशाची काळजी ऐकू येते.

गणपतीत घ्यायचं म्हणजे नेमकं कधी घ्यायचं, बघा. मेअखेरीला किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते सप्टेंबर उजाडेपर्यंत. गणपतीला चाकरमानी येतात, पण ते आपापल्या घरी उतरतात, तुमच्या खोल्यांत नाही. उलट घरचा खर्च वाढतो. म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी तुम्ही अशा वेळी ठरवताय जेव्हा घरातली गंगाजळी तळाला असते. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात भरून ठेवायची सवय आहे. ज्याच्या डोक्यात ती बेगमी पक्की बसली आहे, त्याला भाद्रपदात लाखाच्या आसपासची वस्तू म्हटलं की धस्स होणारच.

हे पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, ते कसे खर्च करायचे हे तुम्हीच ठरवायचं, यात मला शंका नाही. पण आषाढ-श्रावणात त्याच पैशांवर घर चालतं, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा माझी पहिली सूचना ही : चार महिन्यांचं वीजबिल, फी आणि अडीअडचणीचे म्हणून जी रक्कम लागते ती वेगळ्या खात्यात टाका. ती बाजूला काढल्यावर जे उरेल ते छंदाचं. उरलेल्यात यंत्र बसत असेल तर निवांत घ्या. बसत नसेल तर दिवाळी आणि नाताळचा सीझन जाऊ द्या. आणि बोलताना यजमानांना ती वेगळी काढलेली रक्कम आधी दाखवा, यंत्राचा फोटो नंतर.

आता तुमच्या आवडत्या भागाकडे.

८.८ इंच पडदा आणि त्यावर २५६० बाय १६०० ठिपके. वाचायला फार देखणा दिसतो, अक्षर छापल्यासारखं. पण विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं मोठी दाखवायचं प्रमाण, २०० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागेल, म्हणजे प्रत्यक्षात मावणारा मजकूर बराच कमी होतो. ऑटोकॅडचा पसारा त्यावर उघडून घराचा प्लॅन काढायचा म्हटलं तर आठवड्यात डोळे दुखतील. त्या कामाला बाहेरचा मॉनिटर हवाच. तुमच्याकडे २२ इंची मॉनिटर आहे असं लिहिलंय, मग उत्तम. फक्त घेण्याआधी एक तपासा : यंत्राच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातं का, की तो नुसता चार्जिंगचा आहे. यूएसबी-४ किंवा डिस्प्लेपोर्ट असा उल्लेख स्पष्ट पाहिजे. मॉनिटर जुना असेल तर टाइप-सी ते एचडीएमआय अशी वायर लागेल, आणि यंत्रालाच एचडीएमआय असेल तर तीही नको.

आणि इथेच मला या यंत्राचा एक खरा उपयोग दिसतो, जो तुम्ही यजमानांना सांगितलाच नाही. नकाशांचं काम सात वर्षं जुन्या एका लॅपटॉपवर चाललंय. तो जुलैत बसला तर तुमची पावसाळ्यातली मिळकत त्याच दिवशी थांबते. नव्या यंत्रात ऑटोकॅड टाकून ठेवलं, कामाच्या फाइलींची प्रत दोन्हीकडे ठेवली, तर एक बंद पडल्यावर दुसरा मॉनिटरला जोडून तासाभरात काम सुरू. हे बुकिंगसारखं रचलेलं कारण नाही. पण यालाही मुख्य कारण करू नका. मुख्य कारण आवड, हा तिचा जोडफायदा.

नवं यंत्र आलं न आलं तरी त्या जुन्या लॅपटॉपच्या फाइलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर आजच घ्या. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी.

कीबोर्डबद्दल कोणताही परदेशी परीक्षक सांगणार नाही अशी एक गोष्ट आहे. तुम्ही पाहुण्यांसाठी जेवणाची यादी आणि पाट्या मराठीत टाइप करता. इन्स्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक कळेला थेट देवनागरी अक्षर असलेली पद्धत, वापरत असाल तर ड, च, ट आणि ॉ ही अक्षरं उजव्या कडेच्या कळांवर येतात : चौकटी कंस, अर्धविराम, अवतरण आणि त्या तिरप्या रेघेची कळ. छोट्या कीबोर्डवर जागा वाचवायची म्हटली की बनवणारे पहिल्यांदा याच कळा अर्ध्या करतात किंवा उचलून वरच्या ओळीत, नाहीतर स्पेसबारच्या बाजूला नेऊन ठेवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठी लिहिणाऱ्याची बोटं दर चौथ्या शब्दाला अडखळतात. कीबोर्डचा फोटो मोठा करून या कळा कुठे आहेत ते बघा. फोनेटिक पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरं दाबून मराठी लिहीत असाल तर ही अडचण येणार नाही.

आता आपल्या हवेचं. किनाऱ्यापासून तुमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी या यंत्रांचा सगळ्यात मोठा शत्रू खारा वारा. इतक्या लहान डब्यात एवढी ताकदवान चिप बसवायची तर पंखा लागतो, आणि तो पंखा दिवसभर बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेतलं मीठ बोर्डावर बसतं, मीठ ओल धरून ठेवतं, आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. गावातल्या टीव्हीची, मिक्सरची अवस्था तुम्ही उघडून पाहिली असेलच, तुम्हाला ते सांगायला नको. म्हणून समुद्राकडच्या खिडकीत किंवा पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला हे यंत्र वापरू नका. काम नसताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल धरली की कळतं, आणि ते मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतं. पावसात मात्र आठवडेच्या आठवडे डब्यात पडू देऊ नका. रोज थोडा वेळ चालू राहिलेलं यंत्र आतून गरम होतं आणि ओल हटते.

एसीच्या खोल्यांबद्दल वेगळं सांगते, कारण न्याहारी-निवास चालवणाऱ्यांकडून हे हमखास घडतं. मे-जूनमध्ये आपल्याकडच्या हवेत इतकी वाफ असते की २०-२२ अंशांवर गार झालेली कोणतीही वस्तू बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. चष्म्यावर धरतं तसंच ते यंत्राच्या आत, बोर्डावरही धरतं. एसीतून बाहेर आणताना ते पिशवीत बंद करून आणा आणि अर्धा तास तसंच राहू द्या, मगच चालू करा. टाइप-सीच्या तोंडात ओल असताना चार्जर लावणं सगळ्यात वाईट. वीज आणि खारं पाणी एकत्र आले की त्या बारीक पिना फार झपाट्याने झिजतात.

हे सगळं जड वाटत असेल आणि छोटेपणाचा हट्ट नसेल तर पंखा नसलेलं यंत्र किनाऱ्यावर जास्त टिकाऊ पडतं. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम-१ पासून पंखाच नाही. तुम्हाला ते नको असणार, तुम्हाला उघडता येणारं यंत्र हवंय, हे मला कळतं. पण रत्नागिरीत, हर्णैत, वेंगुर्ल्यात बसून हे वाचणाऱ्या आणि फक्त लिहिण्या-वाचण्यापुरता हलका लॅपटॉप शोधणाऱ्यांनी पंख्याचा मुद्दा जरूर धरावा.

विजेचं थोडक्यात. अशा यंत्रात साधारण ४०-४५ वॅट-तासांची बॅटरी असते. हलकं काम करताना यंत्र ८ ते १० वॅट घेतं, म्हणजे चार तासांच्या वर चालेल. नकाशाचं जड काम करताना २०-२५ वॅट घेईल, म्हणजे जेमतेम दोन तास. जाहिरातीतले तास विसरा आणि हा भागाकार करा, कोणत्याही यंत्राला लागू आहे. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले रूपांतरात गेलेले सोडून ६० च्या आसपास हाती लागतात. म्हणजे यंत्र एकदा पूर्ण भरून वर थोडं उरेल. पण ती पॉवरबँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची, ४५ किंवा ६५ वॅट देणारी हवी. फोनची साधी पॉवरबँक इथे पुरी पडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी टाइप-सीवर चार्ज होणारं छोटं यंत्र गाडीच्या चार्जरवरही जगतं, हा त्याचा मोठा गुण. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला नसेल तर तो आधी लावा.

चार्जिंगला असताना धातूच्या कडेला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, असं तुम्ही जुन्या लॅपटॉपबद्दल लिहिलंय. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडा प्रवाह गळतो, तो त्याच्या रचनेतच असतो. पण तीन पिनांचा चार्जर लावूनही येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा नुसता नावाला उरतो. वायरमनला बोलावून मोजून घ्या, हे यंत्रापेक्षा माणसांसाठी गरजेचं आहे. आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीतून काढायचा, स्विच बंद करून भागत नाही.

पुढच्या चिपसाठी थांबावं का? तुम्ही हा प्रश्न विचारलात, पण २०२३ पासून थांबलाच आहात असंही लिहिलंय. त्या वर्षी एएमडीची झेड-१ ही चिप आली, २०२४ च्या सप्टेंबरात इंटेलची लूनर लेक आली, २०२५ च्या सुरुवातीला झेड-२ जाहीर झाली, २०२६ च्या जानेवारीत पँथर लेक. प्रत्येक वेळी पुढची दिसतच होती. थांबलं की स्वस्त मिळतं हा हिशेब इतकी वर्षं बऱ्यापैकी खरा ठरायचा. सध्या तो डळमळला आहे. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की कारखान्यांनी उत्पादन तिकडे वळवलं आणि २०२५ च्या अखेरीपासून साध्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. छोट्या यंत्रांना हे जास्त लागतं, कारण त्यातली रॅम बोर्डावर झाळलेली असते. लूनर लेकमध्ये तर ती चिपच्याच पाकिटात आहे, १६ किंवा ३२ जीबी, पुढे वाढवायची सोय नाही. म्हणून चिप नवीन की जुनी यात अडकू नका. एक पिढी मागची चिप आणि ३२ जीबी रॅम मिळत असेल तर ती घ्या, ताजी चिप आणि १६ जीबी यापेक्षा ती तुमच्या हाती जास्त वर्षं राहील. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, नंतर बदलता येते, पण लांब २२८० मापाची बसते की आखूड २२३० ची, ते बघून ठेवा. आखूड सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात.

आता दुबईचा भाऊ. परदेशातून येणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. घडी होणारं, कीबोर्ड असलेलं यंत्र लॅपटॉपच दिसतं, पण बिल जवळ असावं आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉपही सोबत असेल तर दोन होतात, हे त्याला आधीच सांगा. कुरिअरने मागवायचं असेल तर ऑगस्ट २०२३ च्या सरकारी अधिसूचनेने आयातीवर परवान्याची अट घालताना एक नग मागवण्याची सूट ठेवली आहे, त्यात अतिलहान आकाराचे कॉम्प्युटरही धरले आहेत. शुल्क मात्र भरावं लागतं.

आणताना अडचण येण्याची शक्यता कमी. खरी अडचण बिघडल्यावर. भारतात जे यंत्र अधिकृतपणे विकलंच जात नाही त्याची वॉरंटी इथे कोण पाळणार? बॅटरी फुगली तर नवी परदेशातून मागवायची, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे ती यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, नका घेऊ. असूसचा आरओजी अलाय, लेनोवोचा लीजन गो ही हातातली यंत्रं भारतात अधिकृतपणे आली आहेत, ती बघा. कीबोर्ड वेगळा लावावा लागेल, पण कोल्हापूर किंवा गोव्याला नेऊन दाखवायची सोय राहते. कंपनीचं अधिकृत केंद्र त्या शहरात आजही आहे का, हे मात्र पैसे देण्याआधी फोन करून विचारायचं. तुमचं थोडं वेगळं आहे. तुम्हाला सोल्डरिंग येतं, तुम्ही जुन्या लॅपटॉपची हिंज आणि पंखा स्वतः बदललाय. वॉरंटी नसण्याची भीती तुम्हाला इतरांपेक्षा कमी. म्हणून तुमच्यापुरतं माझं मत असं : पावसाळ्याची रक्कम बाजूला काढून पैसे उरत असतील तर आणा. पण हे यंत्र बंद पडलं तर त्याचे पैसे गेले असं धरूनच आणा. ती तयारी नसेल तर आणू नका.

आणि रक्कम कमी पडलीच तर हात रिकामे ठेवायची गरज नाही. मोठ्या कंपन्या भाड्याने घेतलेले छोटे डेस्कटॉप काही वर्षांनी काढून टाकतात. लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी, लिटरभर आकाराचे चौकोनी डबे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते रिफर्बिश्ड मिळतात, नव्या यंत्राच्या लहानशा हिश्शात. चार स्क्रू काढले की रॅम, एसएसडी, पंखा, सगळं हाताशी. घरच्या फोटोंचा सर्व्हर करा, मुलीला सोबत घेऊन उघडा. विकत घेताना पासवर्डने कुलूप लावलेलं बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) नाही ना, एवढं दुकानातच चालू करून बघा. खिशात मावणाऱ्या यंत्राची हौस त्याने भागणार नाही, हे मला माहीत आहे, पण उघडून बघायची भूक भागेल.

यजमानांशी बोलताना काय म्हणावं? तुम्ही "पटवू कसं" असं विचारलंय. पटवायला जाऊ नका. ज्या दिवशी खोल्या रिकाम्या आहेत आणि घाई नाही अशा संध्याकाळी, जुना लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवा. कोणता भाग काय करतो ते दाखवा, जसं ते तुम्हाला पखवाज सुरात कसा लावतात ते दाखवत असतील. मग सांगा की मला हे आवडतं, शाळेपासून आवडतं, आणि हे एक यंत्र मला माझ्या पैशातून हवंय. पावसाळ्याचे पैसे इथे वेगळे ठेवलेत. त्यावर ते काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण निदान ते ज्याला उत्तर देतील ती खरी गोष्ट असेल. सासूबाई काही बोलल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय, त्यांनाही तिथेच बसवा. गप्प बसलेली माणसं विरोधातच असतात असं धरू नका.

एक राहिलं. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, रायगडच्या किनाऱ्यावर तुमच्यासारख्या आणखी बायका आणि मुली असणार. गावाजवळच्या तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना भेटून विचारा, महिन्यातून एकदा मुलांना यंत्र उघडून दाखवायला येऊ का. बरेच शिक्षक अशा माणसाच्या शोधात असतात. तुम्हाला बोलायला माणसं मिळतील आणि तुमच्या हातातल्या यंत्राला गावात ओळख मिळेल.

भाऊ आणणारच असेल तर त्याला हे कळवून ठेवा. यंत्र निघायच्या दोन आठवडे आधी तरी घ्यायचं, परत करायची मुदत असताना. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेले ठिपके बघायचे. प्रत्येक पोर्टला काहीतरी जोडून बघायचं, प्रत्येक कळ दाबून बघायची. दुकानातून घेणार असेल तर कीबोर्डवर अरबी अक्षरं छापलेली नाहीत ना ते विचारायचं, तिकडे तसे सर्रास मिळतात. तिकडच्या चार्जरची चौकोनी तीन पिनांची प्लग आपल्या सॉकेटात बसत नाही, तेव्हा ६५ वॅटचा पीडी चार्जर इथेच चांगल्या कंपनीचा घ्या. आणि यंत्र व पॉवरबँक दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवायची, पॉवरबँक चेक-इनच्या सामानात चालत नाही आणि १०० वॅट-तासांच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.